सीआरपी किती आला?

१० मार्च २०२० रोजी कलबुर्गीच्या ७६ वर्षांच्या एका गृहस्थांचा हैदराबादहून घरी परत आणताना मृत्यू झाला. दोन दिवसांनी तपासणीचा निकाल हाती आला आणि कोविडचा भारतातला पहिला मृत्यू कलबुर्गीच्या नावावर नोंदला गेला. पुढच्या दीड वर्षात आळंद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औरादच्या घरांत काही नवे शब्द मुक्कामाला आले. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, आयएल-सिक्स. 'ऑक्सिजन किती?' याच्या पाठोपाठ 'सीआरपी किती आला?' हे विचारले जाऊ लागले आणि रिपोर्टचे फोटो सोलापूर, उदगीर, लातूर, पुण्याच्या नातेवाइकांकडे जाऊ लागले.

लाटा ओसरल्या, शब्द राहिले. आता साध्या तापातही रुग्णाबरोबर आलेला माणूस स्वतःहून सीआरपी करायला सांगतो. म्हणून या प्रथिनांच्या मोजणीचा नव्वदहून अधिक वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा. काय मोजता येते, किती भरवशाने मोजता येते आणि बीदर-कलबुर्गीसारख्या सीमाभागात त्यातले कामाचे काय? माझे मत आधीच सांगून टाकतो. यंत्रे आता बरीच चांगली झाली आहेत. गडबड होते ती यंत्राच्या आधी आणि यंत्राच्या नंतर. रक्त कधी घेतले, कसे नेले आणि आकडा कोणाच्या 'नॉर्मल'शी ताडला, इथे सगळे अडते.

शरीराचे रक्षण दोन तऱ्हांनी होते. लस घेतल्यावर किंवा गोवर येऊन गेल्यावर तयार होणाऱ्या अँटिबॉडी ही कमावलेली ताकद. पण जंतू पहिल्यांदाच शिरला तर ती कमवायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर किल्ला लढवते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. तिच्या पेशी आहेत तशी रक्तात फिरणारी प्रथिनेही आहेत. त्यांत कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक प्रथिनांची साखळी, जंतूच्या अंगावरची साखर ओळखणारे मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन ऊर्फ एमबीएल, फायकोलिन आणि सीआरपी येतात. यातली बहुतेक यकृतात तयार होतात, आणि यकृताला तसा हुकूम सोडतात ती आयएल-सिक्ससारखी सायटोकाइन्स. फेरिटिन आणि डी-डायमर खरे तर या कुळातले नव्हेत. फेरिटिन लोह साठवते आणि दाह झाला की वाढते, तर डी-डायमर हा रक्ताची गुठळी विरघळल्याचा अवशेष. कोविडने या सगळ्यांना एकाच पॅकेजात बसवले, आणि ते अजून तिथेच बसलेले आहेत.

सीआरपीचा शोध १९३० सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे सीरम तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूपासून काढलेल्या 'सी' नावाच्या शर्करेत ते सीरम मिसळले की साका धरायचा. ताप उतरून रुग्ण बरा झाला की त्याच्याच सीरममध्ये साका धरेनासा व्हायचा. अँटिबॉडीचे वागणे नेमके उलटे, ती बरे होताना वाढते. म्हणजे हे दुसरेच काहीतरी होते. ते प्रथिन आहे हे १९४१पर्यंत ओझवाल्ड एव्हरी यांच्या गटाने दाखवून दिले. सुरुवातीची सगळी मोजणी डोळ्यांनी होती. साका किती दाट दिसतो त्याप्रमाणे एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक असे लिहायचे.

ती रीत पुरती गेलेली नाही. तालुक्याच्या छोट्या लॅबमध्ये काचपट्टीवर लेटेक्सचा थेंब टाकून सीआरपी करण्याची पद्धत अजून चालते. स्वस्त आहे, वीज लागत नाही, पाच मिनिटांत होते. मर्यादा दोन. सहा मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खालचे तिला सहसा दिसत नाही, ते एक वेळ चालेल. दुसरी मर्यादा धोक्याची आहे. सीआरपी अतिशय वाढलेला असेल तर लेटेक्सवरच्या अँटिबॉडी त्या गर्दीत एकेकट्याच व्यापल्या जातात, गुठळ्या धरत नाहीत आणि काचपट्टीवर 'निगेटिव्ह' दिसते. सर्वांत आजारी रुग्णाचा रिपोर्ट सर्वांत निर्धास्त! सीरम पातळ करून पुन्हा पाहिले की चूक कळते, पण तेवढी सवड घेणारा तंत्रज्ञ हवा. मोठ्या यंत्रांत हेच काम प्रकाशकिरणाने होते. सीरम आणि अँटिबॉडी मिसळल्यावर द्रावण किती गढूळ झाले ते यंत्र मोजते आणि आकडा देते. या कामासाठी जगभर एकच प्रमाण सीरम असावे म्हणून १९९३ मध्ये युरोपात चौदा-पंधरा प्रथिनांसाठी एक संदर्भ नमुना तयार झाला. त्याआधी एकाच रक्ताचे दोन लॅबमधले आकडे सर्रास वेगळे यायचे.

सीआरपीचा स्वभाव आता चांगला माहीत आहे. इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर तो चार ते सहा तासांत चढू लागतो, साधारण आठ तासांना दुप्पट होतो, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतो. वाढ हजारपटीपर्यंत जाऊ शकते. कारण संपले की सुमारे १९ तासांना निम्मा होत उतरतो, आणि हे १९ तास निरोगी असो की आजारी, सर्वांत सारखेच राहतात. म्हणजे रक्तातला आकडा जवळजवळ पूर्णपणे यकृत त्या वेळी किती सीआरपी बनवते आहे यावर ठरतो. असे सरळ वागणारे प्रथिन विरळा.

तरीही तो फसवतो, आणि बहुतेक वेळा वेळेमुळे फसवतो. शेतातून आलेल्या माणसाला दुपारी थंडी वाजली आणि संध्याकाळी रक्त घेतले तर आकडा पाच येतो. 'काही नाही' म्हणून घरी गेलेल्या त्याच माणसाचा दोन दिवसांनी दीडशे येऊ शकतो. उलट चौथ्या दिवशी प्रतिजैविक बरोबर लागू पडलेले असताना ऐंशी पाहून घरचे घाबरतात, जरी परवा तो दोनशे होता. एक आकडा फारसे सांगत नाही, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे बरेच सांगतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णात तर गंभीर संसर्गातही तो फार चढत नाही.

मग एककांचा घोळ. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोघांत दहापटीचा फरक. सीमाभागातला रुग्ण सकाळी भालकीत, दुपारी बीदरला, रात्री हैदराबाद किंवा सोलापूरला असे तीन दवाखाने सहज करतो. पहिल्या रिपोर्टवर ९.६ आणि दुसऱ्यावर ९६ दिसले की रात्रीतून काय झाले म्हणून घरात रडारड होते. झालेले काहीच नसते. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कन्नड किंवा तेलुगू बोलणारे, घर मराठी. त्यामुळे कागदाच्या कोपऱ्यातले ते बारीक एकक कोणी वाचून दाखवत नाही.

कोविडच्या काळात या आकड्याचा एकच वापर पुराव्यावर घट्ट उभा राहिला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली (किंवा ऑक्सिजन लावावा लागलेला) आणि सीआरपी ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा अधिक अशा रुग्णांना टोसिलिझुमॅब हे औषध दिल्यावर मृत्यू कमी झाले. दोन्ही अटी एकत्र होत्या, हे महत्त्वाचे. आपल्याकडे दुसरी अट सुटी झाली आणि ऑक्सिजन ९८ असलेल्या तरण्याताठ्या माणसांच्या रोज तपासण्या सुरू झाल्या. ३ मे २०२१ रोजी एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले की सौम्य आजारात या रक्ततपासण्या करू नका, त्या वाढलेल्या दिसल्या की विनाकारण स्टिरॉइड सुरू होतात. आयएल-सिक्सचे तर आणखीच. ते तासातासाला बदलते, वेगवेगळ्या किटवर वेगळे येते, आणि रिकव्हरीने औषध ठरवायला ते वापरलेच नव्हते. तरी त्या वर्षी त्याच्या रिपोर्टची वाट पाहत रात्री काढलेली घरे सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. करता येण्यासारखे काहीतरी हवे असते, आणि आकडा मिळणे हेही काहीतरी केल्यासारखे वाटते.

पूरक प्रथिनांची गोष्ट अधिक जुनी, अधिक गुंतागुंतीची आणि मला विचाराल तर अधिक दुर्लक्षित. ताज्या सीरममध्ये जंतू मारण्याची शक्ती असते आणि ५६ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवले की ती जाते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. ज्यूल बोर्दे यांना त्या कामासाठी १९१९ सालचे नोबेल मिळाले. आज या साखळीत तीसहून अधिक प्रथिने मोजली जातात. रोजच्या वापरात तीन तपासण्या येतात. सी-थ्री, सी-फोर आणि सगळी साखळी मिळून काम करते का ते पाहणारी सीएच-फिफ्टी.

इथे आकडा वाचणे सीआरपीपेक्षा अवघड आहे, कारण ही प्रथिने एकाच वेळी बनतात आणि खर्चही होतात. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातली करेझ, म्हणजे विहिरींना जोडणारा जमिनीखालचा पाण्याचा मार्ग, आहे. तिच्या एका विहिरीत डोकावून पाणी खाली गेलेले दिसले तर वरून कमी आले की खाली जास्त उपसले, हे त्या एका विहिरीवरून कळत नाही. सी-थ्रीचे तसेच. ल्युपस या आजाराच्या रुग्णात तो खर्च होतो, पण त्याच वेळी जंतुसंसर्ग झाला तर यकृत त्याचे उत्पादन वाढवते आणि आकडा 'नॉर्मल' दिसतो, मूत्रपिंडे आतून बिघडत असली तरी. सी-फोरमध्ये वेगळीच मेख आहे. त्याच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, त्यामुळे काही निरोगी माणसांचा सी-फोर जन्मभर कमीच असतो.

असे असूनही या दोन स्वस्त तपासण्यांचा जिल्हा पातळीवर होणारा उपयोग मोठा आहे. खरूज किंवा अंगावरच्या फोडांनंतर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाचे तोंड सुजते, लघवी चहासारखी लाल होते. गावात याला 'अंगावर सूज आली' एवढेच म्हणतात. स्ट्रेप्टोकॉकसनंतरचा हा मूत्रपिंडदाह असेल तर सी-थ्री खाली जातो, सी-फोर बहुधा जागेवर राहतो, आणि सहा ते आठ आठवड्यांत सी-थ्री पूर्वपदावर येतो. आला तर काळजी मिटली. नाही आला तर आजार वेगळा आहे आणि मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायला हवा. म्हणजे इथेही खरे मोल दुसऱ्या मोजणीला. पण सूज उतरल्यावर आठ आठवड्यांनी मुलाला पुन्हा कोण आणतो? खरिपाच्या पेरणीत तर कोणीच नाही.

दुसरे उदाहरण आनुवंशिक अँजिओएडिमाचे. ओठ, हात, पोटातली आतडी अचानक सुजतात, कधी घसा सुजून जीव जातो. खाज नसते, अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत, आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शने लागू पडत नाहीत. १८८८ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी घराण्यात चालणारा हा आजार वर्णिला. १९६३ मध्ये कारण सापडले, पूरक साखळीला आवर घालणाऱ्या सी-वन इनहिबिटर या प्रथिनाची कमतरता. चाळणी म्हणून सी-फोर पुरतो, या रुग्णांत तो जवळजवळ नेहमी कमी असतो. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांत असे सुजणारे कोणी आहे, तिथे एक सी-फोर वर्षानुवर्षांची चुकीची औषधे थांबवू शकतो.

अडचण नेण्याची. मे महिन्यात कलबुर्गीत पारा चाळिशीच्या बराच पुढे असतो. नमुना कलेक्शन सेंटरच्या पिशवीतून बसने किंवा रेल्वेने हैदराबाद-बेंगळुरूकडे निघतो. सी-थ्री आणि सी-फोर थंड ठेवले तर एखाददोन दिवस तग धरतात. सीएच-फिफ्टीला मात्र सीरम लवकर वेगळे करून उणे ७० अंशांच्या आसपास गोठवावे लागते. त्यासाठी ईडीटीएची नळी वापरली तर कॅल्शियम बांधले जाऊन साखळीच थांबते. उलट साखळी पेटल्याचे तुकडे, म्हणजे सी-थ्री-ए किंवा सी-फाइव्ह-ए, मोजायचे तर ईडीटीएचीच नळी हवी, नाहीतर ते नळीतच तयार होत राहतात. सी-थ्री आणि सी-फोर ठीक आणि सीएच-फिफ्टी शून्याजवळ असा रिपोर्ट आला की पहिला संशय रुग्णावर घेऊ नये, प्रवासावर घ्यावा. दुसरा नमुना नीट नेऊनही तेच आले तरच जन्मजात कमतरतेचा विचार करायचा. तीही खरी असते. साखळीच्या शेवटच्या प्रथिनांत खोट असलेल्यांना मेंदुज्वराचा मेनिंगोकॉकस पुन्हा पुन्हा गाठतो.

नेमक्या याच प्रथिनांशी मराठी मुलखाचा थेट संबंध आहे, तो पुण्यात. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, अरविंद साहू यांनी पूरक साखळी आणि तिला चकवणारे विषाणू यांवर दीर्घकाळ काम केले आहे. त्याआधी अमेरिकेत जॉन लॅम्ब्रिस यांच्याबरोबर त्यांनी सी-थ्रीला धरून ठेवणारा कॉम्पस्टॅटिन हा छोटा रेणू शोधला, तो निबंध १९९६ सालचा. त्याच्याच वंशातले पेगसेटाकोप्लॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. साखळी रोखणारी औषधे आल्यामुळे तिची मोजणी आता केवळ निदानापुरती उरलेली नाही.

एमबीएलची कहाणी उत्साहाने सुरू झाली आणि गोंधळात अडकली. १९६८ मध्ये अमेरिकेत एका बाळाच्या रक्तात यीस्टला पेशींच्या तोंडी देण्याची शक्तीच नव्हती असे आढळले. १९८९ मध्ये या दोषाचा संबंध एमबीएलच्या कमतरतेशी जोडला गेला. मग लोकांत मोजणी सुरू झाली आणि दिसले की निरोगी माणसांतही हे प्रथिन शंभरपटीच्या फरकाने कमी-जास्त असते. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने त्याच्या जनुकभेदांचा फुप्फुसाच्या क्षयाशी संबंध तपासला. दिल्लीत पी. उषा सर्मा आणि तरुणा मदन यांनी अ‍ॅस्परजिलस बुरशीच्या फुप्फुसरोगात एमबीएल आणि त्याची भावंडे अभ्यासली. मदन पुढे मुंबईच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत हे काम करत राहिल्या. इथिओपियात तर कुष्ठरोग्यांत एमबीएल उलट जास्त सापडले, आणि पेशीत लपणाऱ्या जंतूंना हेच प्रथिन आत जायला वाट करून देते की काय असा प्रश्न उभा राहिला. शेवटी डेन्मार्कमध्ये नऊ हजारांहून अधिक सामान्य लोकांत जनुक तपासले, तेव्हा कमतरता असलेल्यांचे आजारपण किंवा मृत्यू एकूणात जास्त आढळले नाहीत. संशोधनाला हे सगळे मोलाचे. पण वारंवार सर्दी होणाऱ्या मुलासाठी कोणी एमबीएलची महाग तपासणी सुचवली तर पैसे वाचवा.

हेल्थ पॅकेजातला अतिसंवेदनशील सीआरपी हाही वादाचाच विषय. हृदयविकाराची जोखीम मोजायला २००३ मध्ये अमेरिकी संस्थांनी एकाखाली कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त अशी प्रतवारी ठरवली. सोबत अट होती की निरोगी असताना दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दहाच्या वर आला तर आधी संसर्ग शोधा. पॅकेजात एकदाच मोजतात. दाढ दुखत असो, पायात काटा मोडलेला असो, पोटात जंत असोत, आकडा तीनच्या वर गेला की लाल रंगात छापतात. शिवाय ही प्रतवारी मुख्यतः गोऱ्या लोकांवरून आलेली. लंडनमधल्या एका अभ्यासात भारतीय वंशाच्या पुरुषांचा सीआरपी गोऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि त्यात पोटाच्या चरबीचा मोठा वाटा होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष शेजारी ठेवून पाहिले. खेड्याकडून शहराकडे येताना चरबीबरोबर दाह दाखवणारी प्रथिनेही वाढत होती. म्हणजे एकाच जिल्ह्यातला आळंदच्या शेतातला मजूर आणि कलबुर्गीतला दुकानदार यांचा 'नॉर्मल' एक नसू शकतो.

प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र सीआरपीकडून खरी आशा आहे. व्हिएतनाममध्ये सर्दी-खोकल्याच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत बोटाच्या थेंबावर जागीच सीआरपी केल्यावर प्रतिजैविक घेणाऱ्यांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर आले. आपल्याकडे दोन दिवसांच्या तापात विडाल तपासणी, सलाईन आणि इंजेक्शन हा ठरलेला क्रम आहे. तो मोडायला ही तपासणी उपयोगी पडेल, पण डेंगी की टायफॉइड हे ती सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचआयव्ही असलेल्यांत क्षयाची चाळणी म्हणून पाच मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वरचा सीआरपी मान्य केला. तीही चाळणीच, निदान नव्हे. दुसऱ्या टोकाला ब्रिटनच्या बायोबँकेत चोपन्न हजार लोकांच्या रक्तातली सुमारे तीन हजार प्रथिने एकदम मोजली गेली आहेत. त्या महासागरात दख्खनच्या पठारावरची माणसे शोधून सापडायची नाहीत.

म्हणून मागणे मोठ्या यंत्राचे नाही. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा किटच्या डब्यातल्या कागदावरून उतरवलेली असते. आपल्या लोकांची मर्यादा ठरवायची तर आंतरराष्ट्रीय प्रथेप्रमाणे दर गटाला किमान १२० निरोगी माणसांचे नमुने लागतात. कलबुर्गीत जिम्स ही वैद्यकीय संस्था आहे, महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, ख्वाजा बंदानवाजच्या नावाची संस्था आहे. बीदरला तशीच ब्रिम्स आहे. यांच्या विद्यार्थ्यांनी सीआरपी, सी-थ्री आणि सी-फोर या तिघांपुरते, गाव आणि शहर वेगळे ठेवून, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे काम करावे, आणि सोलापूर-लातूरच्या महाविद्यालयांनी त्याला हात लावावा. वाचकाकडून एवढेच मागतो की पुढचा रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक आणि रक्त घेतल्याची वेळ वाचा, जुना कागद फेकू नका आणि दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. १२० निरोगी माणसे कलबुर्गीतल्या एखाद्या बऱ्या रक्तदान शिबिरात एका दिवसात जमतात.